धाकटीचा काढा

माझ्या छातीत धातूची झडप आहे. घर शांत असलं की तिची टिकटिक मला ऐकू येते, आणि शेजारी कुणी बसलेलं असेल तर त्यालाही. नवीन माणूस आधी स्वतःच्या घड्याळाकडे बघतो, मग माझ्याकडे. मी हसून छातीवर हात ठेवते.

ज्यांना अशी झडप बसवली आहे किंवा बसवायची आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. ऑपरेशन कसं करतात ते डॉक्टर सांगतील, ते त्यांचं काम. घरी आल्यावर काय होतं आणि मनात काय चालतं, तेवढं मी सांगू शकते. माझ्या मनात त्या सगळ्या काळात एकच गोष्ट ठाण मांडून होती, ती म्हणजे माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीचा हेवा. आजारातून उठलेली माणसं भीतीबद्दल बोलतात, देवाबद्दल बोलतात. हेव्याबद्दल कुणी बोललेलं मी ऐकलं नाही. त्यामुळे बरेच दिवस मला वाटायचं, हे दुखणं जगात मला एकटीलाच आहे.

जड झालेलं मशीन

मी ब्लाउज शिवते. रेवसला जाणाऱ्या रस्त्याला लागून आमचं घर आहे, ओट्यावर माझं पायमशीन. लग्नसराईत गावातल्या निम्म्या बायकांचे हळदीच्या साड्यांवरचे ब्लाउज माझ्याकडे असतात. आमच्यात हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी, तेव्हा ते काम चुकवून चालत नाही.

त्या वर्षी मशीन जड चालायला लागलं. एक बाही शिवून झाली की थांबावं लागे. ह्यांना म्हटलं, तेल घाला. आमचे हे बंदरात कंटेनरचा ट्रेलर चालवतात, यंत्राचं त्यांना कळतं. त्यांनी मशीन उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाले, पट्टा ठीक आहे, चाक ठीक आहे. तरी त्यांनी मोटर लावून दिली. मशीन पळायला लागलं, पण मी काही पळेना. विहिरीवरून कळशी आणताना मधेच टेकावं लागायचं. आडवं पडलं की खोकला यायचा, म्हणून उशीवर उशी ठेवून बसल्या बसल्या झोपायची सवय लागली. गावातल्या डॉक्टरांनी खोकल्याचं औषध दिलं. मी ते घेतलं आणि वय झालं असं समजले. तेव्हा पंचेचाळिशी नुकती उलटली होती.

माझं दुखणं सापडलं ते नयनामुळे. नयना म्हणजे माझी धाकटी बहीण. ती किहीमला दिली आहे. नारळी-पोफळीच्या वाडीत तिचं घर, मागे पाहुण्यांसाठी बांधलेल्या तीन खोल्या, शनिवार-रविवारी मुंबईची माणसं. ती स्वतः गाडी चालवते. वडील गेल्यावर आई तिच्याकडेच राहायला गेली, कारण आम्हाला भाऊ नाही आणि तिच्याकडे जागा होती. या वाक्यात मला काय काय टोचायचं ते मी वेगळं सांगत नाही.

नयनाला छातीत धडधड व्हायची. तिच्या नवऱ्याने तिला लगेच अलिबागला नेलं, इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढला. हृदयाची एक झडप आकसली आहे असं निघालं. डॉक्टरांनी तिला विचारलं, लहानपणी घसा धरून ताप येऊन गुडघे सुजले होते का. तिला आठवलं. सुजले होते, आणि तिच्या आधी माझे सुजले होते. आई निरगुडीचा पाला गरम करून आम्हा दोघींच्या गुडघ्यांना बांधायची. डॉक्टर म्हणाले, मग बहिणीलाही घेऊन या.

एका बाकावर दोघी

अलिबागहून पुढे पाठवलेल्या आम्ही दोघी मुंबईच्या इस्पितळात एकाच बाकावर बसलो होतो. आमचे हे आणि नयनाचा नवरा मागे उभे. आई घरी होती.

मोठ्या डॉक्टरांनी दोघींची चित्रं पडद्यावर शेजारी शेजारी लावली. आधी नयनाकडे वळले. म्हणाले, तुमची झडप अजून मऊ आहे. मांडीच्या शिरेतून बारीक नळी नेऊन फुग्याने ती उघडता येईल. चिरफाड नाही, दोन-चार दिवसांत घरी. मग माझ्याकडे वळले. माझी झडप चुना साठल्यासारखी कडक झाली होती. फुग्याने ती उघडणार नव्हती, फाटली असती. छाती उघडून ती काढायची आणि धातूची बसवायची, आणि त्यानंतर रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर.

अशा वेळी मनात येतं म्हणे, हे मलाच का. मी खरं सांगते, माझ्या मनात आलं, हिला का नाही?

नयनाने माझा हात धरला होता. तिचा हात गरम होता. मी पदर सावरण्याचं निमित्त करून माझा सोडवून घेतला.

नयनाचं आधी झालं. घरी जाताना ती मांडव्याच्या बोटीने गेली. वरच्या मजल्यावर वाऱ्याला बसली, मागे लागलेल्या पाखरांना तिच्या नवऱ्याने कुरमुरे टाकले. हे मला तिनेच फोनवर सांगितलं. मला बरं वाटावं म्हणून सांगितलं असणार.

मी महिन्याभराने आले, ॲम्ब्युलन्सने, पेणच्या रस्त्याने. छातीचं हाड तारेने बांधलेलं होतं. रस्त्यातला प्रत्येक खड्डा आधी त्या हाडाला कळायचा आणि मग गाडीला.

इस्पितळातले दिवस

ऑपरेशनचं मला काहीच आठवत नाही. त्यानंतरचं आठवतं. घशात नळी होती आणि बोलता येत नव्हतं. कुणीतरी माझं नाव घेऊन सांगत होतं, झालं सगळं, झोपा. तेव्हा पहिल्यांदा ती टिकटिक ऐकू आली. मला वाटलं भिंतीवरचं घड्याळ आहे. मग कळलं ते आतून येतंय, आणि ते थांबलं तर काय, ही भीती त्याच क्षणी सुरू झाली.

सकाळी नर्स वजन करायची, मग सुई, मग बशीतली इडली. मग एक नळीचं खेळणं असतं. त्यात हवा ओढून प्लॅस्टिकचे चेंडू वर उचलायचे. मला एकही चेंडू उचलता येत नव्हता आणि मी रडले. खोकला आला की छातीशी उशी घट्ट धरायची, नाहीतर हाड सुटल्यासारखं वाटतं. ज्यांचं ऑपरेशन व्हायचं आहे त्यांना सांगते, त्या उशीला लाजू नका. मी ती घरीही घेऊन आले होते.

हात खांद्याच्या वर जात नव्हते. केसांचा गुंता झाला होता. वॉर्डात एक मावशी होत्या, लादी पुसायच्या. त्यांनी एक दिवस बादली बाजूला ठेवली, हात स्वच्छ धुतले आणि काही न विचारता माझी वेणी घालून दिली. त्या वेळी मला जे वाटलं ते झडप बसवणाऱ्या डॉक्टरांबद्दलही वाटलं नव्हतं.

आमचे हे बाहेरच्या खुर्चीवर झोपायचे. ट्रेलरवर रजा नसते, त्यांनी बदली माणूस बघितला होता. ते आत आले की पायावरचं पांघरूण नीट करायचे. ते आधीच नीट असायचं.

नयना भेटायला यायची ती चालत. केसांत अबोली, हातात पेजेचा डबा. बाजूच्या खाटेवरच्या बाईला तिने आपलं सगळं सांगितलं, आणि ती बाई आश्चर्याने म्हणाली, म्हणजे दोघींना एकच रोग? आणि तुम्ही अशा टुणटुणीत? नयना हसली. मी भिंतीकडे तोंड केलं. छाती अशी बांधलेली असताना कुशीवर वळता येत नाही, तेव्हा फक्त मानच वळवली.

किहीमचा काढा

घरी आल्यावर माझं आयुष्य त्या एका गोळीभोवती फिरायला लागलं. रक्त घट्ट झालं तर झडप अडकते, फार पातळ झालं तर कुठूनही वाहायला लागतं. म्हणून रोज ठरल्या वेळी गोळी, आणि दर काही दिवसांनी रक्त तपासून ते किती पातळ आहे त्याचा आकडा बघायचा. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पालेभाजी खा, पण रोज सारखी खा, नाहीतर गोळीचं बळ कमीजास्त होतं. आणि मला न विचारता दुसरं कुठलंही औषध घेऊ नका.

माझी मुलगी नवी मुंबईहून येऊन राहून गेली. ती गेल्यावर हे आणि मी. ट्रेलर चालवून आलेला माणूस भात लावायचा, तो कधी कच्चा राहायचा, कधी लागायचा. मी काही बोलले की ते गप्प व्हायचे, आणि ते गप्प झाले की मी आणखी बोलायची. ब्लाउज शिवून न्यायला आलेल्या बायका न शिवलेलं कापड परत घेऊन गेल्या. एकदा रागात मी ह्यांना म्हटलं, नयनाच्या नवऱ्याने तिला वेळेवर नेलं. ह्यांनी ताट सारलं आणि अंगणात जाऊन उभे राहिले.

जरा फिरता यायला लागल्यावर हे मला किहीमला घेऊन गेले. नयना पडवीत बसली होती. आईने तिच्या हातात स्टीलचा पेला दिला. तांबूस, वाफाळलेलं काहीतरी होतं. मी विचारलं, काय आहे. नयनाच म्हणाली, अर्जुनाच्या सालीचा काढा, दुधातला. वडिलांना ब्लडप्रेशर निघालं तेव्हापासून आई करायची आणि माझ्या लग्नानंतर घरी राहिलेल्या नयनालाही द्यायची. वडील गेले, नयनाचा चालू राहिला. तोवर खोल्यांतली एक पाहुणी बाई तिथे आली. आई तिला अभिमानाने सांगायला लागली की माझ्या लेकीची झडप मऊ राहिली ती या काढ्यामुळं, डॉक्टर बी चकित झाले.

डॉक्टर काही चकित झाले नव्हते, मी तिथे होते. पण त्या क्षणी मला ते आठवलं नाही. मी मनात हिशोब मांडला तो वेगळाच. एकाच घरातल्या दोन पोरी, एकच ताप, एकच दुखणं. एकीला आईने काढा दिला, तिची झडप मऊ राहिली. दुसरीला नाही दिला, तिची दगड झाली. मला हे इतकं स्पष्ट दिसलं की आई आत गेली तशी मीही उठले.

मी आईला स्वयंपाकघरात गाठलं. म्हटलं, "तिला देतेस, मला का न्हाय दिलास?"

आई म्हणाली, "तू कवा मागितलास?"

"तिने मागितला होता?"

आई फळीवरच्या डब्याकडे वळली. ती म्हणाली, तू तिकडं, मी हिकडं. मग डबा उघडून तिने सालीचे तुकडे काढले आणि म्हणाली, आजपासून तुला पण करते.

मला हवं होतं ते मिळालं. आता मागे वळून बघताना दिसतं, मला साल नको होती. आईने माझ्यासाठी उठून चूल पेटवावी, एवढंच हवं होतं.

मोठ्या दुखण्याचा मोठा काढा

आईच्या मते माझं दुखणं नयनापेक्षा मोठं, तेव्हा काढाही मोठा हवा. नयनाच्या काढ्यात नुसती साल आणि दूध. माझ्या काढ्यात आईने लसूण घातली, आलं घातलं, हळद घातली, आणि अलिबागच्या दुकानातून हृदयासाठी म्हणून मिळालेल्या एका काळपट अर्काच्या बाटलीतला दोन चमचे अर्क. त्या बाटलीवर झाडांची चित्रं होती आणि एका म्हाताऱ्याचा हसरा चेहरा. नयनाचा नवरा किंवा नयना रेवसकडे येताना डबा आणून द्यायची, तो मी पुरवून पुरवून प्यायची. बाटली आईने माझ्याकडेच ठेवली होती, पेल्यात अर्क मीच घालायची.

पहिला डबा देतानाच नयनाने विचारलं, ताई, डॉक्टरांना विचारलंस का? मी म्हटलं, आईच्या हातचं काय विचारायचं? ती म्हणाली, तरी पण, तुझी ती गोळी चालू आहे. मला वाटलं, हिला वाटून घ्यायला नको आहे. आयुष्यभर जे एकटीने प्यायली त्यात दुसरा पेला आला म्हणून हिला खुपतंय. मी तिला तसं बोलले नाही. पण पुढच्या वेळी तिने विचारलं तेव्हा मी खोटंच हो म्हणाले. विचारलं डॉक्टरांना, चालतं म्हणाले.

आणि मला बरं वाटायला लागलं. हेही मी लिहिलंच पाहिजे, कारण असं बरं वाटतं म्हणूनच माणूस घेत राहतो. भूक लागायची. ओट्यावर बसून काजं करायला लागले. हे म्हणाले, तोंडावर तेज आलंय, आईंना सांग काढा बंद करू नका. रक्त तपासायची वेळ आली होती, पण ह्यांना लांबची फेरी लागली होती आणि मला एकटीने एसटीने जायचा कंटाळा आला. बरं तर वाटतंय, पुढच्या आठवड्यात जाऊ असं ठरवलं.

दात घासताना हिरड्यांतून रक्त यायला लागलं. मी ब्रश बदलला. मशीनच्या कडेला हात टेकायचा तिथे निळे डाग उठले, मला वाटलं कातडी नाजूक झाली. मग पाळी आली आणि ती थांबेना. गावातल्या बायका म्हणाल्या, जायच्या वयात असं होतं. मलाही तेच बरं वाटलं.

ज्यांना ही गोळी चालू आहे त्यांनी इथे थांबून दोनदा वाचा. हिरड्या, निळे डाग, नाकातून रक्त, शौचाला काळं होणं, न थांबणारी पाळी. यातलं एक जरी दिसलं तरी पुढच्या आठवड्याची वाट बघू नका.

गाडीत

त्या दिवशी दुपारी नयना आणि आई काढ्याचा नवीन डबा घेऊन आल्या. हे फेरीवर होते. मी मशीनवरून उठले आणि उठल्या उठल्या खाली बसले. साडी मागून पूर्ण भिजली होती, स्टुलाखाली फरशीवर रक्त होतं. आई म्हणाली, पाळी जायच्या वेळी असंच होतं, हिला पडू दे जरा. नयनाने माझे दोन्ही हात धरून उलटे करून बघितले. कोपरापासून मनगटापर्यंत डागच डाग होते. ती म्हणाली, गाडीत बस.

मी म्हटलं साडी बदलते. ती नाही म्हणाली. तिने दोरीवरचे सगळे टॉवेल ओढून मागच्या सीटवर टाकले. मी आईच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाले. गाडी चालवणारी नयना मला पाठीमागून दिसत होती. तिचे खांदे ताठ होते. चोंढी गेलं, किहीमचा फाटा गेला, ती थांबली नाही.

माझे डोळे मिटायला लागले तशी आई घाबरली. माझी आई घाबरली की तिला एकच गोष्ट येते, लेकराच्या तोंडात काहीतरी घालायचं. तिने पायाशी ठेवलेला डबा उचलला, झाकण काढलं आणि माझं डोकं वर करत म्हणाली, "घोटभर घे गो बाय, ताकद येल."

नयनाने मागे वळून बघितलं नाही. ती म्हणाली, "आई, तो डबा खाली ठेव."

"अगं, तिला..."

"खाली ठेव."

आईने डबा खाली ठेवला. माझी झडप तेवढी वाजत होती, नेहमीपेक्षा जोरात.

कुणी दिला ते

अलिबागच्या इस्पितळात एक तरुण डॉक्टरीण होती. तिने रक्त काढलं, आणि आकडा आला तेव्हा तिने तो पुन्हा तपासायला लावला, कारण तो यंत्राच्या मापाबाहेर गेला होता. तिने विचारलं, गोळीशिवाय आणखी काय घेता?

आई माझ्या खाटेच्या पायाशी उभी होती. माझ्या अंगात ताकद नव्हती हे खरं, पण मी बोलले नाही ते त्यामुळे नाही. तोंडातून शब्द निघाला असता तर तो आईला लागला असता. मी वर पंख्याकडे बघत राहिले.

नयनाने तोंड उघडलं, पण तिच्याआधी आईच बोलली.

"काढा घेते. मी दिला."

डॉक्टरीण रागावली नाही. तिने आईला बसायला स्टूल दिलं आणि काढ्यात काय काय घालता ते एकेक विचारून घेतलं. बाटली आणता येईल का विचारलं. नयनाने माझ्या घरी जाऊन ती आणली. बाटलीवर अर्क कशाचा आणि किती हे धड लिहिलेलं नव्हतं. डॉक्टरीण म्हणाली, जेवणातली लसूण, आलं, हळद चालते, भाजीला घालतो तेवढी. पण त्याचा दाट काढा, वर हा अर्क, आणि बरोबर रक्त पातळ करणारी गोळी, असं एकत्र झालं की एकमेकांचं बळ वाढू शकतं. तपासणीही राहिली. नक्की कशामुळे झालं ते मलाही सांगता येणार नाही, ती म्हणाली, पण हे सगळं बंद.

आईने विचारलं, मग धाकटीला कसा सोसला? डॉक्टरीण म्हणाली, त्यांना ती गोळी नाही. अर्जुनाच्या सालीवर लोक अभ्यास करतात, काहींना थोडा फायदा होत असेलही. पण त्यांची झडप काढ्याने मऊ राहिली नव्हती, ती तशीच होती. आणि त्यांनीसुद्धा आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावा. मग नयनाकडे वळून तिने सहज विचारलं, तुमचा पुढचा इको कधी आहे? फुग्याने उघडलेली झडप पुन्हा आकसू शकते, माहीत आहे ना?

नयना म्हणाली, माहीत आहे.

मला माहीत नव्हतं.

मला इंजेक्शन दिलं, बाटलीतून रक्त आणि पिवळसर पाणी चढवलं. तेही जपून, कारण रक्त एकदम घट्ट झालं तर झडप अडकायची. मुंबईच्या डॉक्टरांशी फोनवर बोलणं चालू होतं. हे परतीच्या वाटेवर ट्रेलर लावून मिळेल त्या गाडीने आले. आल्यावर त्यांनी पायावरचं पांघरूण नीट केलं.

दुसऱ्या दिवशी नयना आणि मी दोघीच होतो. मी तिला विचारलं, पुन्हा आकसते हे तू मला का नाही सांगितलंस? ती सफरचंद कापत होती. म्हणाली, "तू विचारलंस कधी? तुझं, ताई, एकदाच झालं. मला परत कधी जावं लागेल, तेव्हा फुगा चालेल की तुझ्यासारखंच, मला काय माहीत." मग तिने फोड माझ्या हातात दिली. मला तिची दया यायला हवी होती. थोडी आलीही. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त मला बरं वाटलं, आणि ते तिला दिसू नये म्हणून मी फोड तोंडात टाकली.

सारखं आणि रोज

आई त्या दिवसांत फार कमी बोलली. चहासुद्धा माझ्यासमोर आणायला घाबरायची, कॅन्टीनचा आणून ह्यांच्या हाती द्यायची. घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरीण सगळं समजावत होती तेव्हा आईने मधेच विचारलं, "हिला माझ्या हातचं काय चालंल?"

डॉक्टरीण म्हणाली, सगळं चालेल, आजी. भात, मासे, पालेभाजी, सगळं. फक्त रोज सारखं. आज भाजीची जुडी आणि उद्या काहीच नाही, असं नको. कुणीतरी लक्ष ठेवायला हवं, गोळीवर आणि तपासणीवर.

आई म्हणाली, मंग मी ठेवते. आणि नयनाकडे वळून म्हणाली, माझी लुगडी आणून दे.

नयनाने गाडीची चावी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

तेव्हापासून आई माझ्याकडे आहे. ती माठाची भाजी मुठीने मोजून चिरते, आज एक मूठ तर उद्याही एक मूठ. संध्याकाळी गोळी तळहातावर ठेवते आणि मी गिळेपर्यंत समोरून हलत नाही. तपासणीच्या दिवशी माझ्यासोबत एसटीने येते आणि आकडा काय आला ते कंपाउंडरला माझ्याआधी विचारते. माझा आकडा आता ठीक असतो. दुपारी ओट्यावर बसून ब्लाउजांना हुक लावते. तिचे हुक वाकडे लागतात, मी नंतर उसवून परत लावते.

नयना रोज फोन करते. आधी माझी चौकशी करते, मग विचारते, आई काय करते. म्हणते, पाहुणे आईला विचारतात. म्हणते, आता काढा कोण करणार, डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, नाही घेतला तरी चालेल, म्हणून सोडूनच दिला. म्हणते, चार दिवस आईला इकडे पाठव. तिच्या आवाजात काय आहे ते मला चांगलं कळतं, ते ओळखायला मला कुणी शिकवायला नको. मी म्हणते, बघू, विचारते तिला. आणि मी आईला विचारत नाही.

परवा नयना न सांगता आली. आम्ही जेवायला बसलो होतो. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि आई माझ्या ताटात भाजी वाढत होती ते बघत राहिली. तिचा पुढच्या महिन्यात इको आहे. ती थोडी वाळलेली दिसली.

"मला पण वाढ," ती म्हणाली.

आई म्हणाली, हात धुऊन ये.

ती हात धुऊन आली. मी जरा सरकले, फार नाही.